आईने विहानला जवळ घेतलं नाही

प्रिय मिलिंद,

आज दुपारी सुजाता विहानला घेऊन सटाण्याला गेली, तिच्या माहेरी. तिथल्याच शाळेत त्याचं नाव घातलंय. तू गेल्यावर वर्षभर तरी तुझी बायको या घरात राहिली, याहून जास्त काय मागायचं तिच्याकडे? आता घरात आई एकटी. मी आजच्यापुरती तिच्याजवळ थांबलेय. ती आत पडून आहे. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि हे ज्याच्याशी बोलावं असा तूच होतास.

निघताना तुझा विहान आजीच्या पाया पडायला वाकला. आई मागे सरकली. "लांबूनच कर रे बाबा," म्हणाली. रिक्षात बसताना त्याने मला विचारलं, "आत्या, आजी माझ्यावर रागावली का?" मी नाही म्हटलं. पुढे काय सांगायचं एवढ्याशा पोराला?

तुला लिव्हरचा कॅन्सर हिपॅटायटिस बीमुळे झाला, हे तुला कळलं होतं. लोकांना नाही कळलं. तुझ्या अंत्ययात्रेतच कुजबुज चालली होती, पीत असणार म्हणून. ज्याने कधी बिअरसुद्धा चाखली नाही, त्याच्याबद्दल!

तू गेल्यावर आमची सगळ्यांची रक्तं तपासली. सुजाता निगेटिव्ह निघाली, तिला लगेच लस सुरू केली. विहानला जन्मल्याबरोबर लस टोचली होती, तो वाचला. मी पॉझिटिव्ह. आणि आईही.

डॉक्टरीणबाई समजावताना म्हणाल्या, "बाळंतपणात आईकडून बाळाला येतो हा आजार. तेव्हा बाळांना लस मिळत नव्हती. कुणाचाच दोष नाही यात." शेवटचं वाक्य आईने ऐकलंच नाही. बाहेर बाकड्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "म्हंजी मीच दिला त्याला."

त्या दिवसापासून तिचं ताट, पेला, अंथरूण वेगळं. विहानला भरवणं बंद. मी किती सांगितलं रे. "आई, एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने हा होत नाही. रक्तातून होतो, नवरा-बायकोच्या संबंधातून होतो, दुसऱ्याच्या ब्लेडने, सुईने होतो. आणि विहानला तर लस दिलीय." ती मान हलवते आणि आपला पेला वेगळा विसळते. "डाक्टरला काय, त्यांचं पोर थोडंच गेलंय," म्हणते.

स्वतःला तो कुठून लागला, याचाच विचार करत बसते. "कळवणला तो डाक्टर एकाच सुईने समद्यांना टोचायचा, त्याचं असंल का? का जत्रेत गोंदून घेतलं त्याचं?" कोण सांगणार? तिलाही तिच्या आईकडूनच आला असेल.

तुझ्यावर माझा एकच राग आहे. जयंतीच्या शिबिरात तू रक्त दिलंस आणि नंतर रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा म्हणून. हे तू अगदी शेवटी, दवाखान्यात सांगितलंस. "मग गेला का नाहीस?" मी विचारलं. तू म्हणालास, "मला काही होतच नव्हतं गं, ताई. शिफ्ट बुडवून कशाला जायचं?"

काही होत नाही, हीच तर या आजाराची खोड. तेव्हा गेला असतास तर औषध सुरू झालं असतं, सोनोग्राफी होत राहिली असती, गाठ लहान असताना सापडली असती. कदाचित. आता या कदाचितचं मी काय करू?

मघाशी आईने विचारलं, "मिलिंदला ठावं व्हतं का, माझ्यापास्नं झालं ते?" मी म्हटलं, "नाही." पण डॉक्टरांनी "आईची तपासणी झालीय का?" विचारलं, तेव्हा तू भिंतीकडे तोंड फिरवलं होतंस. ठाऊक होतं का रे तुला?

आई बदलेल असं आता मला वाटत नाही. विहान सुट्टीत आला तरी ती दारातूनच बघेल त्याला. त्याबद्दल तुला कसलं वचन देऊ? माझ्या हातात एवढंच आहे. मलाही आता रोजची गोळी लागलीय, ती चुकवणार नाही. कितीही बरं वाटलं तरी दर सहा महिन्यांनी तपासायला जाईन. आई असेपर्यंत तिला दुसरं लेकरू पोचवायला लागू नये, म्हणून.

तुझी, आणि आता आईची एकटीच उरलेली,
ताई