अण्णा, तुमची सही मी केली होती

प्रिय प्रकाशअण्णा,

काल आपल्या निपाणीच्या हॉस्पिटलात पुन्हा ते शिबिर झालं, डॉक्टरांनी स्वतःला कसं सांभाळावं हे शिकवणारं. मागच्या वर्षीची फाईल शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि तिच्यात आपल्या दोघांचे फॉर्म निघाले. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस मी तुमच्याशी मनातसुद्धा बोलायला घाबरत होते.

आठवतं ना? प्रत्येक डॉक्टरला एक जोडीदार दिला होता. त्याला समोर बसवून विचारायचं, तो सांगेल ते त्याच्या फॉर्मवर लिहायचं. माझे जोडीदार तुम्ही. पण शिबिर सुरू व्हायच्या आतच तुम्ही ओपीडीकडे निघालात. "माझी बी सही तूच कर की गं. चिकोडीपासनं माणसं येऊन बसल्यात, आन् मी हितं डोळं मिटून श्वास मोजू व्हय?"

मी हसले आणि सही केली. प्रिस्क्रिप्शनवर बघून बघून ती मला पाठच होती. फॉर्म कोरा बरा दिसत नाही म्हणून उत्तरंही मीच लिहिली. झोप पुरेशी होते का? होते. थकवा? नाही. पेशंटला न विचारता हिस्ट्री लिहिणाऱ्या इंटर्नला सगळ्यांदेखत झाडणारी ती मीच ना?

माझा फॉर्म मात्र काल पहिल्यांदा पाहिला. तुमच्या अक्षरात: 'झोप होत नाही. बाळ लहान. जेवण जात नाही. रविवारची ड्यूटी काढावी.' हे मला कधी विचारलंत? मग आठवलं. त्याच दुपारी कँटीनमध्ये माझी भाकरी ताटात तशीच होती, आणि तुम्ही सहज म्हणालात, "झोपतीस का न्हाय गं?" मी रडले होते. पुढच्या आठवड्यापासून माझे रविवार सुटले. ते कुणाच्या अंगावर गेले, हे मी विचारलं नाही. सुचलं नाही म्हणू, की सोयीचं नव्हतं म्हणू?

रागही येतो तुमचा. धागा तुटला की आधी माग थांबवायचा, हे वडगावात वडिलांच्या मागावर शिकल्याचं तुम्हीच सांगायचात. मग स्वतःसाठी का नाही थांबलात?

त्या सोमवारी सकाळी रविवारची ड्यूटी संपवून तुम्ही निपाणीहून घरी निघालात. संकेश्वरच्या अलीकडे उसाची ट्रॉली उभी होती. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. डोळा लागला असणार, असं सगळे म्हणाले. वहिनींनी मला विचारलं, "त्यास्नी झोप मिळत न्हवती व्हय गं? तुला तरी काय बोलले हुते का?" मी नकारार्थी मान हलवली. या रविवारी वडगावला जाऊन त्यांना दोन्ही फॉर्म दाखवणार आहे. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन.

काल मला नवी जोडीदार मिळाली, डॉक्टर रेश्मा. तीही दारातूनच म्हणाली, "मॅडम, माझी सही तुम्हीच करा की, पेशंट थांबल्यात." मी तिला हाताला धरून खाली बसवलं. झोप पुरेशी होते का, विचारलं. ती म्हणाली, "न्हाय." मी 'नाही' लिहिलं.

तिची ड्यूटी मी तुमच्यासारखी गुपचूप अंगावर घेतलेली नाही, अण्णा. आम्ही दोघी ऑफिसात गेलो आणि आणखी एक डॉक्टर मागितला. बघू म्हणाले. उद्या परत जाऊ, परवाही जाऊ. आणि ती मला विचारेल तेव्हा मीही खरं तेच सांगेन, एवढा शब्द देते.

यापुढे फक्त स्वतःचीच सही करणारी,
विद्या