लग्नातल्या चार मात्रा

लातूर,
माघ वद्य १०, शके १८६१

चि. रेणुकादास यास मामाचे अनेक आशीर्वाद.

वैशाखात आपल्या सौदामिनीचं लग्न ठरलं. नवरदेव पाटावर येऊन उभा राहतो तेव्हा वाजवायला सनईची नवी रचना तू करावीस, असा तिचा हट्ट. आतेभाऊ तीन वर्षं नांदेडला संगीत शिकत राहिला, त्याचा कधी कुणाला उपयोग होणार, असं ती विचारते. मी म्हटलं, प्रश्न अवघड आहे.

तुझ्या वडिलांचंही पत्र आलं. कंधारच्या तहशिलीत कारकुनाची जागा रिकामी होते आहे आणि ज्येष्ठात तुला तिथं रुजू करायचं त्यांच्या मनात आहे. जमाबंदीमुळं त्यांना लग्नाला येता यायचं नाही. तेव्हा पोराच्या अंगात काही आहे की नुसतेच केस वाढलेत, हे मी ऐकून कळवावं, असा हुकूम आहे. बावीस वर्षं पाढे ऐकून या शाळामास्तराचे कान केवढे तयार झालेत, ते तू जाणतोसच. तुझं दैव त्यांच्यावर लटकलं आहे.

वाजवणार आपले गफूरचाचा. सूर धरायला त्यांचा पुतण्या महेबूब. चौघडा आहेच. लोभ आहे, तो कंधारच्या पत्त्यावर पाठवावा लागू नये ही इच्छा.

मार्तंडमामा

नांदेड,
फाल्गुन शुद्ध ८

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

रचना झाली. अकरा दिवस लागले. मुहूर्त दुपारचा म्हणून सारंग घेतला. पहिली ओळ सात वेळा खोडली. नवव्या दिवशी गोदागंगेच्या घाटावर धोबी कपडे आपटत होता. त्याच्या दोन आपटण्यांच्या मधल्या अंतरात मला मुखडा सापडला. आता सनईची ओळ सलग सहा आवर्तनं चालते, कुठंही तुटत नाही. पेटीवर वाजवून पाहिली, उत्तम वाजली.

स्वरलिपी सोबत जोडली आहे. चाचांनी कृपा करून एकही स्वर बदलू नये. काम नाजूक आहे. मामींस नमस्कार. कृपादृष्टी असू द्यावी, कानही असू द्यावे.

आपला आज्ञाधारक आणि अजून तरी कारकून नसलेला,
रेणुकादास

लातूर,
फाल्गुन वद्य ३

चि. रेणुकादास यास अनेक आशीर्वाद.

तुझा नाजूक कागद चाचांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि अक्षर सुरेख आहे म्हणाले. मग तुझी ओळ मीच गाऊन दाखवली. कुणाचं पोट दुखतंय, म्हणून तुझी मामी ओवा घेऊन बाहेर आली.

चाचा सत्तरीचे. दोन आवर्तनं त्यांनी झकास वाजवली. तिसऱ्याला चेहरा जांभळा झाला, चौथ्याला खोकला सुरू झाला. सनई मांडीवर ठेवून ते एवढंच म्हणाले, "कागदाला दम लागत न्हाई, मास्तर. मला लागतो."

बाबा रे, पेटीला भाता असतो. चाचांना छाती आहे, आणि तीही आता जुनी. तू रचना केलीस ती लातुरात न राहणाऱ्या कुणासाठी तरी केलीस. तुझी गंगा न थांबता वाहते, पण तिला तंबाखू खायची सवय नाही, चाचांना आहे. इकडे ये, माणूस बघ, मग कागद काळा कर. तोवर लोभ राखून ठेवला आहे.

मार्तंडमामा

नांदेड,
चैत्र शुद्ध १२, शके १८६२

ती. मामांस कृ. सा. न. वि. वि.

तुमच्याकडं चार दिवस राहिलो ते सार्थकी लागले. आधी मी चाचांची सनई ऐकलीच नाही. ते चहा पिताना, महेबूबवर ओरडताना किती वेळानं दम घेतात, तेवढंच मोजत बसलो. सगळी ओळ त्या मापानं कापली. जिथं त्यांना दम हवा तिथं चार मात्रांची जागा सोडली. सोडली ती नाइलाजानं. पण मग तीच जागा मला सगळ्यात आवडायला लागली. म्हणून तिथं महेबूबचा सूरही बंद केला, चौघडाही. चार मात्रा कुणीच नाही, आणि मग सगळे एकदम समेवर.

चाचांनी मात्र हरकत घेतली. भरल्या मांडवात बाजा गप्प झाला की लोकांचे हात चालतात, म्हणाले. मला अर्थ लागला नाही. वयानं माणसं भित्री होतात. असो. लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतो. आशीर्वाद तयार ठेवावे.

आपला,
रेणुकादास

लातूर,
वैशाख वद्य २

रा. रा. हणमंतराव यांस सा. न. वि. वि.

लग्न पार पडलं. एकदा नव्हे, दोनदा.

तुमच्या चिरंजिवांची रचना सुरू झाली तेव्हा जावईबापू पाटावर उभे होते. सौदामिनी अजून आतच होती. अक्षता मात्र सगळ्यांच्या हाती पोचलेल्या. समोरचा पाट डुगडुगतो की काय, हे पाहायला मी त्यावर चढलो. तेवढ्यात ती चार मात्रांची जागा आली.

मांडवात मागच्या लोकांना मंगलाष्टकं कधीच ऐकू येत नाहीत, हे तुम्ही जाणता. बाजा थांबला की तयार राहायचं आणि कडाडला की टाकायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. बाजा थांबला. बाजा कडाडला. साडेतीनशे माणसांनी मिळून माझं आणि जावईबापूंचं लग्न लावलं. विहीणबाईंनी तर डोळ्याला पदरही लावला. चाचा सनईआडून माझ्याकडं असं पाहत होते, जणू म्हणत होते, आधीच सांगितलं होतं.

मग तांदूळ पुन्हा कुंकवात कालवले आणि सौदामिनीचं लग्न लागलं. चिरंजीव कोठीच्या खोलीत दडून बसले होते. कंधारला कधी निघू, एवढंच त्यांनी मला विचारलं.

आता तुमच्या हुकुमाबद्दल. त्या चार मात्रांत कुणी खोकलं नाही. लेकरू रडलं नाही. आमच्या थोरल्या आत्याबाई एका सुनेची निंदा अर्ध्यात सोडून थांबल्या, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोक अक्षता टाकायला टपले होते म्हणून गप्प होते, असं तुम्ही म्हणाल. खऱ्या मंगलाष्टकांतही ते टपलेलेच असतात, आणि सगळा वेळ बोलत असतात. हातात छडी घेऊन बावीस वर्षांत मला वर्गात एवढी शांतता मिळालेली नाही. पोरानं ती एका म्हाताऱ्याच्या दमातून काढली.

तेव्हा तहशिलीत दुसरा कुणी पाहावा. चिरंजिवांना मी नांदेडला परत धाडलं आहे. धाकटीच्या लग्नाची रचनाही त्यांनीच करायची. फक्त अक्षता मी माझ्या हातानं वाटेन, आणि पाट आदल्या दिवशी तपासून ठेवीन.

ताईस नमस्कार. स्नेह आहे तसाच चालू द्यावा.

आपला मेहुणा, जावयाशी रीतसर लग्न लागलेला,
मार्तंड