वरच्या मजल्यावरच्या वाकड्या तसबिरी

ती. दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (गुडघ्याच्या डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली असल्याने तो कागदावरच स्वीकारावा). तुझा खोकला, वहिनींचा रक्तदाब आणि तुम्हा उभयतांचा परस्परांविषयीचा संयम ही तिन्ही आटोक्यात असतील असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. बिघडली आहे ती फक्त वरच्या मजल्याची.

तुझे पत्र मिळाले. महिनाअखेरीस कंपनीचे क्वार्टर सोडावे लागणार, सामान बांधून झाले, ट्रकही ठरला, आणि वडिलांनी तुझ्या वाट्याला दिलेल्या वरच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघे कायमचे राहायला येणार, हे वाचून आनंद झाला. ‘खोल्या रिकाम्या झाल्या असतीलच’ असे तू लिहिले आहेस. हा विश्वास माझ्याच शब्दावर उभा आहे, हे मी विसरलेले नाही. भाडेकरू काढून, थकलेले भाडे वसूल करून, खोल्या झाडूनपुसून तुझ्या हाती देईन असे मी कबूल केले होते. आणि दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. तेव्हा जे घडले ते क्रमाने सांगते.

भाडेकरू मीच निवडला होता. इतर उमेदवारांना मी दारातूनच परत पाठवले (एकाच्या शर्टाचे बटण भलत्याच काजात होते, असा माणूस भाडे काय वेळेवर देणार?). हा मात्र तसबिरींना फ्रेमा करून देण्याचा धंदा करणारा, आणि बसण्यापूर्वी त्याने खुर्ची टेबलाला समांतर करून घेतली. भूमिती शिकवण्यात जिचे आयुष्य गेले, त्या बाईवर याहून अचूक नेम धरता येत नाही. मी अनामत रक्कमही घेतली नाही. (हे वहिनींना सांगू नकोस.) पहिले भाडे वेळेवर आले. तेच शेवटचेही ठरले.

दुसऱ्या महिन्यात मी मागायला वर गेले. दार उघडताच समोरच्या भिंतीवरची तसबीर डावीकडे कललेली दिसली. आता तूच सांग, कललेल्या तसबिरीखाली उभे राहून कोणता सुसंस्कृत मनुष्य पैशाची भाषा करू शकेल? मी ती सरळ केली. तेव्हा शेजारची बोटभर खाली असल्याचे ध्यानात आले. तीही केली. “नजर असावी तर तुमच्यासारखी, बाई,” फ्रेमवाला उद्गारला, त्याच्या बायकोने चहा दिला आणि मी तृप्त मनाने खाली आले. भाडे आठवले ते शेवटच्या पायरीवर. परंतु नुकतीच शाबासकी घेऊन निघालेल्या व्यक्तीने वसुलीसाठी माघारी वळणे बरे दिसले नसते.

पुढच्या खेपेस तसबिरी पुन्हा कललेल्या, शिवाय कपाटातल्या कपांचे कान वाटेल त्या दिशांना. त्यापुढच्या खेपेस एक अनोळखी तरुण चादरीची घडी घालत होता. ‘आपण कोण?’ असे मी खडसावणार, तोच त्याने कोपऱ्याला कोपरा न जुळवता चादर दुमडली. घडी कशी घालतात हे दाखवून होईपर्यंत, तो फ्रेमवाल्याचा मेहुणा असून ‘चार दिवसांसाठी’ आला आहे, असे कळले. ते चार दिवस अजून चालू आहेत. परवानगीशिवाय कुणाला ठेवून घ्यायचे नाही असे ठरले होते, हे मी बजावलेही. मात्र उशांचे अभ्रे बदलता बदलता बजावल्याने जरब थोडी कमी पडली असावी.

मेहुण्यापाठोपाठ त्याची आई, म्हणजे फ्रेमवाल्याची सासू, ट्रंकेसह दाखल झाली. ही बाई निराळी. तिच्यात सुधारण्याजोगे काही सापडेना, उलट तीच एके दिवशी माझ्याकडे खाली आली, पुस्तकांच्या कपाटावरून बोट फिरवले आणि म्हणाली, “धूळ नाही हो, पण ही उंच-बुटकी अशी कशी उभी केलीत?” पुस्तके विषयवार लावली आहेत, असे मी थंडपणे सांगितले. “विषय आत असतो, बाई. बाहेरून उंचीच दिसते.” एवढे बोलून ती निघून गेली. इतका उद्धटपणा मी निवृत्तीनंतर प्रथमच ऐकला. (ती गेल्यावर एक फळी उंचीनुसार लावून पाहिली. वाईट दिसत नाही.)

तुझे पत्र आल्यावर मात्र मी कंबर कसली. घरी माझे काही चालत नाही, तेव्हा थेट त्याचे दुकान गाठले. आत पाऊल टाकले आणि थबकले. भिंतभर तसबिरी, आणि एकही केसभर कललेली नाही! ज्याच्या दुकानातली प्रत्येक कड अशी काटेकोर, त्याच्या घरातली भिंत नेमकी माझ्या पावलांची चाहूल लागताच डगमगते, याचा अर्थ समजायला भूमितीची गरज नव्हती.

“इथे एकही वाकडी कशी नाही?” मी विचारले.

“बाई, दुकानात गिऱ्हाईक येतं,” तो शांतपणे म्हणाला. “घरी तुम्ही येता.”

मागे काच पुसणारा मेहुणा कपाळावर हात मारून म्हणाला, “दाजी, मी सांगत नव्हतो? बाईंनी दुकान पाहिलं की आपलं बिऱ्हाड उठलं!”

त्यानंतर मी जे बोलले ते निर्दोष होते. ऐकून शेजारच्या दुकानदारानेही आपली पाटी सरळ केली. भाड्याचे पैसे फ्रेमा कापायच्या नव्या यंत्रात अडकल्याची कबुली फ्रेमवाल्याने दिली, हात जोडले आणि महिनाअखेरीस खोल्या सोडतो असे चारचौघांत मान्य केले. तात्पर्य, तू निश्चिंत राहा. वहिनींना माझा नमस्कार, आणि तुला पुन्हा एकदा, तोही न वाकता.

तुझी,
धाकटी

ता. क. काल त्यांनी आवराआवर सुरू केली. मेहुण्याने काचा तळाशी घालून वर पितळी भांडी रचलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. असा अडाणीपणा उघड्या डोळ्यांनी पाहणे मला जमत नाही. सगळे खोके मी रिकामे करवले आणि प्रत्येक वस्तू स्वतः उभी राहून जागच्या जागी लावून घेतली. खोल्या इतक्या सुंदर कधी दिसल्या नव्हत्या. आता त्यातली एक वस्तू हलवली, तरी सगळा तोल जाईल.

पुन्हा ता. क. फ्रेमवाल्याच्या सासूबाईंना मी माझ्या मागच्या खोलीत हलवले आहे. पुस्तकांच्या उरलेल्या फळ्या उंचीनुसार लावून पुऱ्या व्हायच्या आहेत, आणि खालीवर करून त्यांचे पाय दुखतात. म्हणजे तुझ्या दोन खोल्यांपैकी एक मी मोकळी करून दिली; निम्मा शब्द पाळला गेला.

शेवटचा ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. माझ्याकडे आता जागा नाही, म्हणून मी फ्रेमवाल्याशी बोलून ठेवले आहे. ती मोकळी झालेली खोली तुम्हा उभयतांना द्यायला तो तयार आहे. माणूस मनाने मोठा आहे. भाड्याचे मात्र तुझे तू ठरव. तो आगाऊ मागतो आहे. या घरात थकलेले भाडे वसूल होत नाही, असा त्याचा अनुभव आहे.