बोलत बोलत दुरुस्ती

प्रिय बारक्या,

वकील झालास तरी माझ्यासाठी तू बारक्याच, तेव्हा नाक मुरडू नकोस. कंपनीला द्यायला तू माझ्या नावाने लिहून पाठवलेला माफीनामा परवा मिळाला. फार सुबक लिहिलायस. वाचताना क्षणभर मलाच वाटलं, कोण ही भयंकर बाई!

दुरुस्तीचं दुकान चालू आहे. काल त्या संगीतशिक्षिका येऊन गेल्या, आपल्या विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीवरून, एकट्या. त्यांच्यामुळेच तर हे सगळं सुरू झालं. खुर्चीची बॅटरी बदलली आणि ती जागची हलेना. बॅटरी नवी, मोटर ठणठणीत, पण आत कंपनीचं सॉफ्टवेअरचं कुलूप. कंपनीचा माणूस येऊन ते उघडायचे आकडे टाकणार, तोही तीन आठवड्यांनी. तोवर बाईंनी पलंगावर पडून राहायचं! मी तासाभरात ते आकडे हुडकून कुलूप काढलं आणि नेहमीसारखा त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

तू म्हणतोस, व्हिडिओत आकडे बोललीस कशाला, गुपचूप दाबायचे होतेस. अरे, तुझ्या आजोबांनी मला हे काम शिकवलं तेव्हा त्यांची नजर गेलेली होती. सुनेचे हात काय करतायत ते त्यांना कळावं म्हणून मी सगळं बोलत करायचे. आधी हा स्क्रू, मग ती वायर. चुकलं की ते टेबलावर काठी आपटायचे. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तोंड बंद ठेवलं की माझे हात चालत नाहीत. तसेच ते सहा आकडे बोलले आणि कंपनीने कॉपीराइटचा कायदा पुढे करून माझे सगळे एकशे चौदा व्हिडिओ एकाच दुपारी साइटवरून काढायला लावले. म्हणे आकडे त्यांचे. असतील बापडे, पण खुर्ची बाईंची आहे ना? कुणाचं गाणं ढापलं असतं तर मी स्वतःच कान धरले असते. अडलेली खुर्ची कशी चालवायची एवढंच मी सांगितलं, आणि त्याला चोरी म्हणतात याचा मला संताप येतो.

कोर्टात खेचतील, दुकान जाईल, ही तुझी भीती खोटी नाही. मलाही भीती वाटते. पण माफीनाम्यात तू लिहिलंयस, यापुढे अशी माहिती कोणालाही सांगणार नाही. ती ओळ मला मोठ्याने वाचताच येईना. तीनदा बसले वाचायला.

म्हणून हे पत्र. सोबत तुझा माफीनामा परत पाठवतेय, सही न करता. आज सकाळी मी त्या व्हिडिओच्या साइटला दुसराच कागद रवाना केला, हरकतीचा. व्हिडिओ परत लावा, नाहीतर कंपनीने खुशाल कोर्टात यावं. त्यात खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तो दिला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. भरतानाही बोलतच होते, आधी नाव, मग दुकानाचा पत्ता, मग सही. आजोबांची काठी अजून टेबलाला टेकून उभी आहे. ती काही आपटली नाही.

तुझीच,
बडबडी आई