किडलेली तुळई

६ एप्रिल १९६४, सोमवार

शिरगावचं घर बघून आले. धनी म्हणतात पडकं आहे. पडकं नाही – लक्ष न दिलेलं आहे. दोन्हीत फरक असतो, पण या माणसाला तो कधी कळायचा!

मागची कुडाची भिंत गेली. कारवी आणून लिंपू, होईल उभी. अर्धी कौलं फुटकी. मोरीचं पाणी जोत्यात मुरतं, ते वळवायला हवं. दाराच्या चौकटीला वाळवी, चौकट बदलायची. हे सगळं हातचं काम.

भीती होती तुळईची. सगळं छप्पर तिच्यावर, आणि तिला चाळणीसारखी भोकं. घरवाली जमनाकाकी पाणी आणायला आत गेली तशी मी पाटावर पाट ठेवून चढले. केसातला आकडा काढून भोकात घातला. नखभर गेला, अडला. मग खिळ्यांच्या जागा दिसल्या, ओळीनं. होडीच्या बुडाचं लाकूड! भोकं खाऱ्या पाण्यातल्या किड्याची. तो किडा पाण्याबाहेर जगत नाही, कधीच मेला. आम्हा कोळ्यांत शेंबडं पोरही सांगेल. होडी किनाऱ्यावर ओढून खालून गवत पेटवतो ते किडा मारायलाच. ही तुळई अजून दोन पिढ्या हलायची नाही.

काकीला यातलं काही ठाऊक नाही. ती मनोरकडची, सासर भाजीच्या वाडीवाल्यांचं. होडीत पाय ठेवला नसेल. नवरा गेला, आता मनोरला लेकीकडे राहायला जायचंय, म्हणून घर विकतेय.

९ एप्रिल

परत गेले. काकी भाव सोडेना. सासऱ्यांनी बांधलेलं घर, एवढ्याखाली देणार नाही म्हणे. आमच्या गावची जागा नव्या विजेच्या कारखान्याला गेली. पावसाआधी निघायचं. सून सातव्या महिन्यात. किती घरं बघत फिरू?

मी वर बोट दाखवलं. म्हटलं, काकी, तुळई किडलीय. या पावसाळ्यात टिकली तर नशीब.

तोंडातून गेलं. ती वर बघत राहिली. मग म्हणाली, "मी तर रोज हिच्याखालीच निजते गं."

सौदा झाला. माझ्या भावात. इसार दिला. तिनं गुळाचा चहा केला. मी अर्धा टाकला.

१० एप्रिल

धनी खूश. बायको नाय, दलाल केलाय म्हणतात. गप्प बसा म्हटलं. त्यांना कळेना काय झालं.

१३ एप्रिल

बोईसरच्या बाजारात शिरगावची भाजीवाली भेटली. म्हणाली, जमनाकाकी अंगणात बाज टाकून निजते, छप्पर कधी खाली येईल नेम नाही म्हणते. सगळ्या आळीला सांगत फिरतेय.

मी तिच्या पाटीत दोन बोंबील जास्त टाकले. का, ते तिलाही कळलं नाही.

भाव सगळेच पाडतात. गिऱ्हाईक ताज्या माशाचा कल्ला उचलून नाक मुरडतं. मी रागावते का? नाही. पण माझा मासा ताजा आहे हे मला ठाऊक असतं. तिला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला – कोळीण आहे, लाकूड कळत असेल!

१४ एप्रिल

धन्यांना सांगून टाकलं. खरं बोलून येते म्हटलं. विडी विझवली त्यांनी. "आता सांगितलंस तर घर दुसऱ्याला जाल. सून काय झाडाखाली बाळंत होल?"

बरोबरच बोलले. म्हणून जास्त राग आला. भाकरी त्यांच्यापुढे आपटली.

१७ एप्रिल

शिरगावला निघाले. किल्ल्यापर्यंत गेले, भिंतीच्या सावलीत बसले. परत आले. सुनेनं विचारलं तर सांगितलं, काकी घरी नव्हती.

हे आणखी एक!

२० एप्रिल

सून आज कारवीची मोळी स्वतः उचलायला निघाली – आपल्या घराच्या भिंतीला म्हणे. ओरडले तिच्यावर. मग मोरीत जाऊन रडले. मला रडायची सवय नाही.

उद्या सांगणार. काकीनं भाव वाढवला तर पाटल्या मोडीन. घर दिलंच नाही तर दुसरं बघू, नाहीतर ताडपत्री बांधू. पण ती म्हातारी घरात निजली पाहिजे.

२१ एप्रिल

छप्पर उघडं होतं. कौलं अंगणात रचलेली. नरहरी सुतार घाम पुसत होता. तुळईचे तीन तुकडे झालेले. माझ्यावरच खेकसला, करवतीचे दात गेले, हिला किडकी कोण म्हणाला? आतून नुसतं लोखंड होतं.

काकी त्याला म्हणाली, तुला काय कळतंय. मग माझा हात धरून नव्या तुळईपाशी नेलं. माझ्या इसारातनंच आणलेली. कोवळं लाकूड, अजून ओलं.

"सुनेचा पाळणा त्या जुनीला बांधला असतास, बाय. बरं झालं तू येळेवर सांगितलंस."

मी मान हलवली.