कमान वस्तीच्या बोळात नको

आप्पा,

तुमची, माझी, भावाची आणि आपल्या बौद्ध वस्तीतल्या प्रत्येकाची तक्रार एकच आहे. गाव आपल्याला मान देतं, पण तो आपल्याच दारात आणून ठेवतं, म्हणजे त्याला तो स्वतःच्या दारात ठेवावा लागत नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि आता गावाला आठवलंय की आपल्यातला एक माणूस एकाहत्तरच्या लढाईत तोफेवर होता. तुमच्या नावाची कमान बांधायची ठरली आहे. पण एस.टी.च्या थांब्याजवळ, जिथून सगळं गाव आत शिरतं, तिथे नाही. आपल्या वस्तीच्या बोळाच्या तोंडाशी. तिच्याखालून फक्त आपणच जायचं. उद्या सकाळी ग्रामसभेत तो ठराव येणार आहे, आणि मी नाशिकहून आले आहे ती त्याला विरोध करायला.

हे भावाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तो बाहेर टेम्पो धुतोय. पाणी पत्र्यावर गरजेपेक्षा जोरात आपटतंय. दुपारी आमचं वाजलं. जेवताना मी म्हटलं, उद्या मी बोलणार. त्याने भाकरी ताटात ठेवली. "ताई, तुझं बरं हाय. तू माईक घेनार, टाळ्या घेनार आन् संध्याकाळी गंगापूर रोडला गॅलरीत बसून चहा पिनार. परवा टोमॅटोचे क्रेट भरायला त्या बागाईतदारांच्याच बांधावर मला जायचंय." मी विचारलं, "मग आप्पांचं नाव बोळात लावून घ्यायचं?" "लागतंय तर लागू दे की. आजवर कुठं लागलं व्हतं?" भावजय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भांडा, पन हळू. भिंतीला भिंत हाय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "या घरात हळू बोलायची पद्धतच नाय, ते मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं."

खरं आहे तिचं. आपल्या घरात हळू कोणी बोललं नाही, कारण तुमचे कान त्या लढाईत राहिले. तुम्ही तोफेत गोळा भरायचात. आधी देवळालीच्या कॅम्पात शिकलात आणि मग सरहद्दीवर ते काम केलंत. परत आलात तेव्हा उजवा कान पूर्ण गेलेला आणि डाव्यात नुसती घरघर. लढाईबद्दल आम्हाला एकच गोष्ट शिकवलीत : आवाज व्हायच्या आधी तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे कानाचा पडदा वाचतो. दिवाळीत वस्तीतली पोरं सुतळी बॉम्ब लावायची आणि आपल्या ओट्यावर आई, मी, भाऊ, तिघं आ करून उभे. लोक हसायचे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

आणि तो कंदील. संध्याकाळ झाली आहे, वीज गेली आहे, तुम्ही चुलीसमोर पाटावर बसला आहात. मी समोर उभी, हातात पेपर. आई कंदील उचलून माझ्या ओठांजवळ धरते, इतका जवळ की हनुवटीला काचेची धग लागते. ओठ दिसल्याशिवाय तुम्हाला शब्द कळत नाही. मी पुटपुटले की तुम्ही हात वर करता, म्हणजे पुन्हा. वाक्य अर्धं सोडलं की पुन्हा. अग्रलेखातला एखादा कठीण शब्द मी गिळून पुढे गेले तर तुम्हाला ते माझ्या घशावरून कळतं. लोक मला विचारतात, भाषण करायला कुठे शिकलात. मी पुस्तकांची नावं सांगते. पुस्तकं नंतर आली. स्पष्ट बोलणं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं मी त्या कंदिलापुढे शिकले.

आज दुपारपासून मात्र मला सव्वीस जानेवारी आठवते आहे. शाळेत नवे हेडमास्तर आले होते. फौजी माणसाच्या हातून झेंडा फडकवू म्हणाले. तुम्ही लोकरीचा कोट घातलात, त्यावर पदकं लावलीत, बुटांत तोंड दिसेल इतकं पॉलिश केलंत. आपण पोचलो तेव्हा झेंड्याच्या दोरीपाशी गावातले मोठे बागाईतदार उभे होते. हेडमास्तर खाली मान घालून तुम्हाला म्हणाले, "तुम्ही मुलांच्या रांगेत थांबा. सलामी कशी द्यायची ते त्यांना दाखवा." तुम्ही थांबलात. दाखवलीत. मग चहा आला. सगळ्यांना कपबशीतून, तुम्हाला बिनकानाच्या वेगळ्या कपातून. तुम्ही तो ओट्यावर तसाच ठेवून निघालात. वाटेत मी भर रस्त्यात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, घसा बसला होता एवढं आठवतं. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहत सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "एवढा आवाज माझ्यापुढं काढून काय उपयोग? मला ऐकू येत नाही. ज्यांना येतं त्यांच्यापुढं काढ."

पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन दोरी हातात धरून उभे राहिलात. बागाईतदार आले, सरपंच आले. "ओ फौजी, बाजूला व्हा." तुम्ही तोंड झेंड्याकडे केलेलं. "अहो, याला ऐकू जात नाय." "हात लावून सांगा की मग." हात लावायला कोणी पुढे होईना, आणि का होईना ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. तुम्ही दोरी ओढलीत. फुलं पडली. आम्ही पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं तेव्हा सगळ्यांना सावधान उभं राहावंच लागलं, तुमच्या मागे.

हा प्रसंग मी किती सभांत सांगितला असेल. प्रत्येक वेळी टाळ्या पडतात. आज दुपारी तोच भावाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "झेंडा तुला आठवतो. मला त्याच्यानंतरचं साल आठवतं. आईला एकानंबी कामाला बोलावलं नाय. पहाटं उठून सायखेड्यापतोर चालत जायची ती निंदायला. मी तिच्या पदराला धरून." एवढं बोलून तो ताटावरून उठला.

आप्पा, तुमच्यावर मी पहिल्यांदा रागावले ती आज. तुम्ही चूक केलीत असं मी म्हणणार नाही, दोरी ओढायलाच हवी होती. पण तुम्ही एकटे गेलात. आईला सांगितलं नाहीत. वस्तीतल्या एकाही घरात, उद्या माझ्यासोबत या, असं म्हणाला नाहीत. तोफेवर तुम्ही कधी एकटे नव्हता. एक गोळा आणायचा, एक भरायचा, एक नेम धरायचा, आणि गोळा कोणाचा हे कोणी विचारत नव्हतं. गावात मात्र सगळ्यांना दिसलं की दोरी कोणाच्या हातात होती. म्हणून त्यांना आपलंच घर सापडलं. उद्या मी एकटी उठून गर्जना केली तर त्यांना सापडायला भावाचं घर आहेच.

त्यामुळे दुपारी लिहिलेलं भाषण मी बाजूला ठेवलं आहे. त्यात संविधान आहे, इतिहास आहे, टाळ्यांच्या जागाही आहेत. कमान एस.टी.च्या थांब्याजवळच हवी, बोळात लागणार असेल तर ती नकोच, यावरून मी हटणार नाही. पण ते माझ्या एकटीच्या तोंडून यायला नको. ठराव मताला पडेल तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक हात वर हवा. कोणाचा टेम्पो थांबवायचा, कोणाला निंदायला बोलवायचं नाही, हे ठरवताना त्यांना सगळ्या वस्तीवर फुली मारावी लागेल, आणि टोमॅटो तोडणीला आलेले असताना ते त्यांना परवडणार नाही. त्यासाठी अंधार पडायच्या आत घरोघर जावं लागेल, बसावं लागेल, त्यांची भीती ऐकून घ्यावी लागेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकते. हजार माणसांसमोर मी बेधडक बोलते. एका माणसाच्या दारात जाऊन काही मागायचं म्हटलं की उंबरा ओलांडवत नाही. पाऊण तास झाला, मी इथेच लिहीत बसले आहे. बाहेर पाणी बंद झालंय. तो फडक्याने काच पुसत असेल. पहिल्यांदा त्यालाच विचारायचं आहे. भाषण करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, तुमचं नावसुद्धा मध्ये आणायचं नाही. एवढंच म्हणायचं : भाऊ, आत्ता माझ्यासोबत चल. शेजारच्या घरापासून सुरू करू.