शटरवरची उघडी दुकानं

सोमवार, ३ मार्च. सकाळी.
ही वही घेऊन दीड महिना झाला, आज पहिली ओळ. आळस नाही. आधी पेन चांगलं नव्हतं. मग पेन मिळालं, पण लिहिण्यासारखं आयुष्य नव्हतं. आता आहे. मला काम मिळालं.

मी सध्या मावशीकडे असतो, तिच्या बटणांच्या दुकानावरच्या माळ्यावर. 'सध्या'ला चार महिने झाले. गल्लीत एकोणीस दुकानं, त्यातली सात कायमची बंद. दोन वर्षांपूर्वी रस्ता खणला तेव्हा बसथांबा मागच्या रस्त्यावर हलवला. रस्ता बुजला, थांबा काही परतला नाही. गिऱ्हाईकं थांब्याबरोबर गेली. व्यापारी संघाच्या अर्जांना शेवटी उत्तर आलं: २१ तारखेला बस खात्याचे साहेब येऊन बघणार, गल्लीत जाग आहे का. असेल तर थांबा परत. नसेल तर मावशी वर्षअखेर दुकान सोडणार. हे तिने चेनचे गठ्ठे बांधता बांधता सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाचं दुकान.

संघाचे अध्यक्ष चष्मेवाले काका. म्हणाले, बंद सात शटरांमुळे गल्ली बोळकी दिसते, ती रंगवून घेऊ. मावशीने माझं नाव पुढे केलं. मी चित्रकलेचा कोर्स अर्धा केलाय. महत्त्वाचा अर्धा.

संकल्प: रोज एक शटर. आठवड्यात खलास. मग गल्लीचा मास्टर प्लॅन.

बुधवार, ५ मार्च.
शटर: शून्य. चपलांच्या बंद दुकानासमोर दोन तास उभा राहिलो. काही सुचेना. बंद दुकानात मुळात प्रेरणाच नसते. समोरच्या टेलरकाकांनी चहा पाजला, तुझ्या बोटांत कला आहे म्हणाले. तेव्हा लख्ख दिसलं. मेलेल्यांना कशाला नटवायचं? आधी चालू दुकानं रंगवू.

शनिवार, ८ मार्च.
आयडिया जबरदस्त. प्रत्येक शटरवर तेच दुकान, उघडं. टेलरकाकांच्या शटरवर टेलरकाका, गळ्यात टेप, पुढ्यात पाच गिऱ्हाईकं. रंगवायला शटर खाली हवं, म्हणून दुकान दोन दिवस बंद. काका बाहेर स्टुलावर बसून होते. एक खरं गिऱ्हाईक येऊन परत गेलं. काकांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, मोठ्या कामात असं चालायचंच.

मंगळवार, ११ मार्च.
मागणी वाढली. केकवाल्या ताईंना आठ गिऱ्हाईकं हवीत, कारण टेलरला पाच. न्हाव्याला स्वतःच्या डोक्यावर केस हवेत. आत्तापर्यंत शटरांवर एकूण एकेचाळीस गिऱ्हाईकं. आज गल्लीत चार दिसली. त्यातलं एक बसथांबा कुठे गेला विचारत होतं.

शुक्रवार, १४ मार्च.
निळा रंग आणायला गेलो. वाटेत एका घराचं छप्पर उतरवत होते. बघत बसलो. मग थोडं उतरवलंही. निळा राहिला.

सोमवार, १७ मार्च.
नऊ झाली. अध्यक्षांनी विचारलं, ती बंद सात कधी? मी म्हटलं, तो फेज टू. चित्रात त्यांना पोट काढलेलं नाही, त्यामुळे जास्त ताणलं नाही त्यांनी.

मावशी मात्र आपलं शटर रंगवू देईना. म्हणाली, "एकतीस वर्षं रोज सकाळी हे वर ढकलतेय मी. त्यावर चित्र काढून काय करू, खाली ओढून बघत बसू?"

मावशीला कलेतलं कळत नाही.

गुरुवार, २० मार्च.
अकरा पूर्ण. मावशी सोडून सगळी चालू दुकानं. एक छोटीशी तांत्रिक अडचण लक्षात आली. दिवसा शटर वर असतं. म्हणजे चित्र गुंडाळलेलं.

उपाय लगेच सुचला. उद्या अकराला साहेब येतील, तेवढी दहा मिनिटं सगळ्यांनी शटर खाली घ्यायचं. टेलरकाकांनी विचारलं, मग आम्ही उभं कुठे राहायचं? मी म्हटलं, आत. बाहेर राहिलात तर लोक चित्राशी ताडून बघतील. न्हाव्याला हे पटकन पटलं.

शुक्रवार, २१ मार्च. दुपारी साडेबारा.
अकरा वाजता अकरा शटरं एकदम खाली आली. तो आवाज! अंगावर काटा आला. मी खांबाआड. कौतुक सुरू झालं की पुढे व्हायचं ठरवलं होतं.

साहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, हात मागे बांधून. सदऱ्याचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं. छान विषय होता, खडू असता तर उतरवलं असतं. टेलरकाकांच्या चित्रापुढे ते बराच वेळ थांबले. तेवढ्यात चित्रातून शिंक आली. साहेब दोन पावलं मागे सरले, घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि झपाझप निघाले. मी पुढे होणारच होतो. पण केकच्या शटरवर सही राहिली होती ती करत होतो.

तिथला रंग ओला. शटर चिकटलं. ताई आत. त्यांना बाहेर काढायला पाऊण तास आणि टेलरची कात्री लागली.

अध्यक्षांनी साहेबांना फोन लावला. काय लिहिलंय ते मग सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडे न बघता: अठरा दुकानं बंद, एक चालू. रस्त्यावर माणूस नाही. थांब्याची गरज दिसत नाही.

टेलरकाकांनी आपलं शटर वर केलं आणि त्यांची पाचही गिऱ्हाईकं गुंडाळली गेली.

साहेबांची नजर तयार नाही. दुसरं काय.

संकल्प: उद्या हे गाव सोडायचं. बॅग भरली. बॅगेची चेन तुटली. आता चेनसाठी खाली मावशीकडेच जावं लागणार. जरा थांबतो.

सव्वा वाजता.
खालून बोलणं ऐकू येतंय. फळीच्या फटीतून बघितलं. साहेब! तळहातावर बटण. मघाशी एकच दुकान उघडं दिसलं होतं, तिथेच आले. मावशीने स्टुलावर बसवलंय आणि अंगातल्या सदऱ्यालाच बटण लावतेय. सुई छातीशी, साहेबांना हलता येत नाही. ती सावकाश टाके घालत थांब्याचं सगळं सांगतेय, मधेच दात लावून दोरा तोडतेय. मग समोरची उघडी दुकानं एकेक करून हाताने दाखवली. साहेबांनी वही परत काढली.

मी केस विंचरले, कानावर पेन्सिल खोचली, शिडीवर पाय ठेवला. तर मावशीच शिडीपाशी आली. हळूच म्हणाली, "ते परत आलेत. जाईपर्यंत खाली उतरलास तर बघ."

बरोबर आहे. मुख्य माणसाची ओळख शेवटीच करून देतात.